कारागृह आणि चौक

कारागृह हलले की भोवतालची वस्ती आपोआप पालटते, अशी समजूत नगररचनेच्या चर्चेत वारंवार आढळते. कोल्हापूरच्या बिंदू चौकातील कारागृह कळंब्यास न्यावे, या अधूनमधून होणाऱ्या मागणीमागेही तीच आहे. ती पारखण्यास मुंबईतील डोंगरीचा तुरुंग उपयोगी पडतो. कोल्हापूरच्या इतिहासाला तो परका नाही. छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळासंबंधी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केलेल्या आरोपांवरून दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी तेथेच काढले.

पुढे हा तुरुंग बंद झाला. १९२४ च्या मुलांविषयीच्या कायद्यानंतर, १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीचे बालगृह त्या आवारात आले. कैद्यांच्या जागी न्यायालयाने पाठविलेली मुले आली. हेतू अर्थातच निराळा व उदात्त होता; तथापि उमरखाडीच्या रहिवाशाच्या दृष्टीने आवार पूर्वीप्रमाणेच बंद राहिले.

बिंदू चौकात नेमके उलट घडले. येथे पूर्वी नगराच्या तटाची रविवार वेस होती. वेस गेली, तटाचा काही भाग उरला, आणि कारागृह जागेवर असतानाच त्यासमोरील मोकळ्या जागेला नवा अर्थ आला. १९४२ च्या लढ्यातील हुतात्मा बिंदू नारायण कुलकर्णी यांचे नाव चौकास मिळाले. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे येथे बसले; आंबेडकर त्या वेळी हयात होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. सभा, मोर्चे व निदर्शने यांचे हे शहरातील ठरलेले स्थान बनले. ज्या भिंतीआड राज्यसत्ता माणसांना कोंडते, तिच्याच समोर नागरिक त्या सत्तेस जाब विचारू लागले.

यावरून असे दिसते की, वस्तीचे रूप ठरते ते बंद दारांपेक्षा उघड्या जागेच्या वापरावरून. कारागृह हलविण्याच्या मागणीत अंबाबाईच्या यात्रेकरूंच्या वाहनांची अडचणही पुढे केली जाते, आणि ती खोटी नाही. परंतु सुटणारी जमीन केवळ वाहनतळास दिली, तर चौकास जोडून मिळू शकणारे मोकळे अंगण गाड्यांनी भरेल, आणि तटाचा उरलेला तुकडा त्यांच्या मागे झाकला जाईल.