करच नाही, मग सवलत कुठली? लेकीच्या पैशांचा हिशेब

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आमच्या वस्तीतली एक भगिनी जवळ आली. देवनारला कचरा वेचून एकटीच संसार ओढते. म्हणाली, "भाऊ, तुम्ही पोरांच्या फीची पावती लावून टॅक्स वाचवता म्हणे. माझ्या पोरीचं पण काही करा की."

काय सांगणार? जुन्या करपद्धतीत नोकरदाराला दोन मुलांपर्यंतची शाळेची फी उत्पन्नातून वजा करता येते. विमा, प्रॉव्हिडंट फंड धरून दीड लाखापर्यंत. पण जिला करच लागत नाही, तिचे वजा कशातून करायचे? अमेरिकेने २०२१ साली, त्या एका वर्षापुरते, कर न भरणाऱ्या घरालाही सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० डॉलरपर्यंत दिले. आपल्याकडे वाट रेशनकार्डाची आहे.

तिची मुलगी दोन वर्षांची, कार्ड केशरी. म्हणजे 'लेक लाडकी' योजना. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरातील मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, एकूण १ लाख १ हजार. शेवटच्या रकमेसाठी मुलगी अविवाहित हवी. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. एजंटला एक पैसा देऊ नका.

अट मात्र वार्षिक उत्पन्न लाखाच्या आत. लाखाला बाराने भागा, महिना ८,३३३ रुपये येतात. मुंबईत नवरा-बायको दोघे राबली की हा आकडा सहज ओलांडतो, आणि पैसा तर त्याच घराला हवा असतो. ही मर्यादा वाढलीच पाहिजे. यात भीक मागण्यासारखे काही नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असेच मांडले होते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रियाही अटीत आहे. ती आईने किंवा वडिलांनी, कोणीही केलेली चालते. आमच्या वस्तीत हे 'किंवा' पुरुषमंडळींना सांगितले की हसण्यावारी नेतात. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते, हेही त्यांना माहीत नसते.

त्या भगिनीकडे जन्मदाखला आहे, बँकेचे पासबुक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तेवढा काढलेला नाही. एक दिवस मोडला तर त्या दिवशीची कमाई बुडते म्हणून. मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आहे. आम्ही दोघे जाणार आहोत.