कॉम्प्युटर बिघडला तर आधी दप्तर वाचवा



जेऊर आणि आसपासच्या गावांतल्या गटांकडून आमच्याकडे एक प्रश्न सारखा येतो. ग्रामसंघाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर चालू होत नाही, नाहीतर सीडी वाचत नाही, मग आता काय करायचं? कुणाला तो शाळेत नवे कॉम्प्युटर आल्यावर मिळालेला असतो, कुणी वापरलेला विकत घेतलेला असतो. मशीनचं वय झालेलं असतं. पण आत असतं ते आपलं दप्तर. कुणाची बचत किती, कुणी कर्ज कधी उचललं, कोणता हप्ता कधी आला, हे सगळं त्यातच. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेबाचं आहे ते उगाच नाही. बँकेकडे पुढचं कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न दप्तराचाच येतो. सगळे हप्ते फेडलेल्या बाईजवळ पावती नसली आणि फाइलही गेली, तर तिनं दाखवायचं काय?

म्हणून आज मशीन दुरुस्त कसं करायचं हे सांगूच, पण त्याआधी आतलं दप्तर कसं वाचवायचं ते सांगू. हा क्रम उलटा झाला की नुकसान होतं.

टेबलाखालच्या उभ्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो. त्याच्या आत तळहाताएवढी धातूची पेटी असते, ती हार्ड डिस्क. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी लिहीत-वाचत फिरते. दांडीचं टोक तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर ते हवेवर तरंगतं. चालू मशीनला पायाचा धक्का बसला तर टोक तबकडीवर घासू शकतं. लाइट अचानक गेली तर बहुतेक डिस्कमध्ये दांडी आपोआप बाजूला जाते, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. आपल्याकडे लाइट कशी जाते ते वेगळं सांगायला नको. यूपीएस घ्यायचा तो काम पुरं करण्यासाठी नव्हे, तर फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला चार-पाच मिनिटं मिळावीत म्हणून.

बिघाड झाला की आधी कान द्या. डब्यातून ठरावीक अंतरानं टक-टक, टक-टक असा आवाज येत असेल किंवा काहीतरी घासल्यासारखं वाजत असेल, तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. ‘एकदा अजून बघू’ म्हणत दहा वेळा बटण दाबलं की तबकडीवरचं उरलंसुरलंही खरवडून निघतं. अशी डिस्क घरी उघडायची नाही. धुळीचा एक कणही तिला पुरतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगेल, तोही करू नका. आतला मजकूर फारच महत्त्वाचा असेल तर डेटा काढून देणारे लोक पुणे-सोलापुरात आहेत. जेऊर स्टेशनावरून दोन्हीकडे रेल्वे जाते. डिस्क मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवून न्या. खर्च किती ते आधी विचारा आणि मिळेलच अशी खात्री धरू नका.

आवाज नाही, पण मशीन फार हळू झालंय, फाइल उघडताना अडकतं, मधेच एखादी फाइल दिसत नाही, असं असेल तर डिस्क थकत चालली आहे. त्या दिवशी दुसरं काहीच काम करू नका. पेन ड्राइव्ह लावा आणि आधी गटाच्या हिशेबाच्या फाइली उतरवून घ्या, फोटो आणि गाणी नंतर. सगळं उतरल्यावरच डिस्क तपासा: माय कॉम्प्युटर उघडून सी ड्राइव्हवर माउसचं उजवं बटण दाबा, मग प्रॉपर्टीज, टूल्स आणि चेक नाऊ. ही तपासणी डिस्कला बराच वेळ राबवते, म्हणून उतरवण्याआधी ती करायची नाही. फाइल चुकून पुसली गेली असेल तर रिसायकल बिनमध्ये बघा. तिथंही नसेल तर त्या मशीनवर नवीन काही लिहू नका. पुसलेला मजकूर त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा आत शाबूत असतो आणि जाणकाराला तो काढता येतो.

आता काळ्या पडद्यावर इंग्रजीत ‘डिस्क बूट फेल्युअर’ असं काही आलं तर घाबरू नका. बऱ्याचदा पेन ड्राइव्ह किंवा सीडी आत राहिलेली असते आणि मशीन तिच्यावरूनच सुरू व्हायला बघतं. ती काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही तेच आलं तर पडद्यावरची तारीख बघा. तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेली असेल तर आतल्या मुख्य पाटीवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्याच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं आणि तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. सेल संपला की मशीन स्वतःची मांडणी विसरतं आणि जुन्या मशीनला हार्ड डिस्क कुठं आहे हेही कधी कधी कळत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलून तारीख लावली की चालू झालेली मशीनं आम्ही पाहिली आहेत. त्याच मशीनला ‘डिस्क गेली, नवीन टाका’ असं आधी सांगितलं गेलं होतं.

सेलही ठीक असेल तर डबा उघडायचा. आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डब्याला हात लावल्यावर एरवी मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. वायरमनकडून ते आधी करून घ्या, मगच पुढचं. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग हार्ड डिस्कला आलेल्या दोन जोडण्या बघा, एक विजेची आणि एक मजकुराची. जुन्या मशीनमध्ये मजकुराची केबल रिबिनीसारखी चपटी आणि रुंद असते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते आणि ती कड बहुतेक डिस्कमध्ये विजेच्या जोडणीच्या बाजूला येते. त्यानंतरच्या मशीनमध्ये बोटाएवढी अरुंद केबल असते, तिला साटा म्हणतात. दोन्ही जोडण्या सरळ धरून काढा आणि पुन्हा घट्ट बसवा. उंदरानं वायर कुरतडली आहे का तेही पाहा, धान्याच्या पोत्यांशेजारच्या खोलीत हे हमखास होतं. रुंद केबलवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह अशा दोन्ही वस्तू असतील तर मागच्या बारीक पिनांवर जम्पर नावाचं टोपण असतं, ते हलवू नका. पहिली कोण आणि दुसरी कोण हे मशीनला त्यावरूनच कळतं.

डबा उघडलाच आहे तर धूळही झाडून घ्या. कोरडा मऊ ब्रश वापरा, ओलं फडकं नको. बऱ्याच हार्ड डिस्कची सोसायची मर्यादा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, धुळीनं पंखा अडलेल्या डब्यात किती होत असेल ते बघा. डबा भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि त्याच्यावर कव्हर घालायचं ते मशीन बंद केल्यावर.

सीडीचं तसं सोपं असतं. एक सीडी चालत नाही पण दुसरी चालते, तर दोष सीडीचा. एकही चालत नाही, तर ड्राइव्हचा. सीडी पुसायची ती मऊ सुती कापडानं, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसली तर ओरखडा मजकुराच्या रेघेवरूनच लांबपर्यंत जातो. आपण चकचकीत बाजूला जपतो, पण मजकुराचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. म्हणून वरच्या बाजूवर बॉलपेननं दाबून लिहू नका. तडा गेलेली सीडी घालायचीच नाही, वेगानं फिरताना ती आतच फुटते. ट्रे अडकला तर मशीन बंद करून ट्रेखालच्या बारीक छिद्रात सरळ केलेली यू-पिन हलकेच ढकला. ट्रे थोडा बाहेर येतो, मग हातानं ओढा.

एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनाच भोगावी लागते. पेन ड्राइव्हवर फाइल नेली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि सगळी अक्षरं किडामुंगीसारखी दिसली. फाइल खराब झाली असं समजून ती पुसून टाकणारे लोक आहेत! फाइल ठणठणीत असते. जुनं काम श्रीलिपी, शिवाजी किंवा डीव्हीबी सुरेख अशा फॉन्टमध्ये केलेलं असतं आणि तो फॉन्ट नव्या मशीनवर नसतो. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे. आपला फॉन्ट तिथून हिशेबासोबतच उतरवून घ्या. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा, ते मोबाइलवरही वाचता येतं.

दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आली तर एक वाक्य पाठ करून जा: ‘भाऊ, आधी आतला डेटा काढून ठेवा, तो आम्हाला दाखवा, मगच फॉरमॅट मारा.’ फॉरमॅट मारणं हा त्याच्यासाठी सोपा रस्ता असतो, मशीन तासाभरात चालू होतं. त्यातही झटपट फॉरमॅट झाला असेल तर काही परत मिळण्याची आशा राहते. पण विंडोज ७ मधला पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर नव्यानं शून्यं लिहितो, मग हाती काही लागत नाही. हे बोलताना संकोच करू नका. दप्तर आपलं आहे, त्याच्या दुकानाचं नाही. विंडोज एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला थांबली. अशा मशीनवर हिशेब लिहा, पण बँकेचे व्यवहार नेटवरून करू नका.

आणि उतरवून ठेवायचं तर दोन ठिकाणी. महिन्याच्या बैठकीला सचिवांनी एका पेन ड्राइव्हवर आणि कोषाध्यक्षांनी दुसऱ्यावर उतरवून घ्यावं आणि दोन्ही वेगवेगळ्या घरी ठेवावेत. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती एकाच वेळी जातात. कागदी रजिस्टर बंद करण्याची घाई कुणी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, त्याला लाइट लागत नाही.

डिस्क बदलून नवी टाकली तर जुनी मागून घ्या. दुकानात सोडू नका आणि भंगारातही तशीच देऊ नका. तिच्यात सदस्यांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक असतात. ‘बंद पडलेली आहे, तिचं काय करायचं’ असं कुणी म्हणेल. वाचता येईल का, हे जाणकारालाच ठाऊक. कामाची नाही हे पक्कं झालं की वेल्डिंगवाल्याकडून तिला ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडून घ्या, मग द्या भंगारात.