विश्लेषण : बोअर खोल नेला, तरी पाणी का लागत नाही?

उन्हाळा तोंडावर आला की मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर भागांतील शिवारांत बोअरच्या गाड्या रात्रभर धडधडत असतात. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही की चारशे, मग सहाशे. पैसे फुटाच्या हिशेबाने द्यावे लागतात आणि अनेकदा वर येतो तो नुसता कोरडा धुरळा. ‘आणखी थोडे खाली गेलो असतो तर लागले असते,’ ही आशा मात्र सुटत नाही. या आशेला भूगर्भशास्त्राचा आधार कितपत आहे?

महाराष्ट्राच्या जमिनीखाली काय आहे?

राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन:पुन्हा वाहिला आणि थरावर थर बसत गेले. गंगेच्या खोऱ्यात जमिनीखाली शेकडो मीटर गाळ आणि वाळू आहे. तिथे खोल गेल्यावर पाणी मिळण्याची शक्यता चांगली असते. आपल्याकडे मात्र काळा पाषाण आणि त्यावर मांजऱ्या खडक अशी उतरंड आहे. पाषाण घट्ट, त्यात पाणी मुरत नाही. मांजऱ्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे छिद्रे पडलेली असतात, पण तीही अनेकदा खनिजांनी बुजलेली असतात.

मग पाणी साठते कुठे?

मुख्यत: वरच्या मुरुमात आणि त्याखालच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकात. हा भाग साधारण 10 ते 20 मीटर खोलीपर्यंत असतो. आपल्या जुन्या विहिरी बहुतेक याच खोलीच्या आहेत, ते उगीच नाही. त्याखाली पाणी नसतेच असे नाही. पण ते दोन थरांच्या सांध्यात किंवा एखाद्या भेगेत असते. बोअर नेमका त्या भेगेला भिडला तर पाणी लागते, हातभर बाजूला गेला तर नाही. शिवाय खोल भेगेतले पाणी भरून यायला वर्षानुवर्षे लागू शकतात. पहिल्या वर्षी धो धो चालणारा बोअर तिसऱ्या वर्षी बंद पडतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

हा साठा असतो तरी किती?

बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच असते. 2 टक्के धरून हिशेब करू. एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी 1 मीटरने उतरली, तर हाती येते 2 लाख लिटर पाणी, म्हणजे 10 हजार लिटरचे 20 टँकर. सेकंदाला 5 लिटर उपसणारा पंप एवढे पाणी सुमारे 11 तासांत संपवतो. पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण 2 कोटी लिटर पाणी लागते. ते या साठ्याच्या शंभरपट झाले.

विहीर आणि बोअर यांत फरक काय?

8 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर उंचीला सुमारे 50 हजार लिटर पाणी मावते. साडेसहा इंची बोअरमध्ये तेवढ्याच उंचीला जेमतेम 21 लिटर. रात्रभर झरे पाझरून विहीर भरते आणि सकाळी ते पाणी वापरता येते. बोअर म्हणजे शहाळ्यात घातलेली नळी. शहाळ्यातच पाणी नसेल तर नळी लांब असून उपयोग नाही.

शेजारच्या विहिरीचे पाणी का जाते?

बोअरला केसिंग पाइप बहुधा वरच्या मातीपुरताच घालतात. त्याखाली बोअर उघडाच राहतो आणि वरच्या थरातले पाणी त्यातून खालच्या भेगांत उतरते. आपल्याला पाणी लागले नाही तरी शेजाऱ्याची विहीर आटते, ती अशी. खोल पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असण्याचाही धोका असतो. यवतमाळ जिल्ह्यातील गावांनी तो भोगला आहे.

पाणाड्याचे भाकीत खरे कसे ठरते?

ओढ्याकाठच्या सखल जमिनीत मुरुमाचा थर जाड असेल, तर बहुतेक ठिकाणी थोड्या खोलीवर पाणी लागते. नारळ उभा राहिला काय, न राहिला काय, विहिरीला पाणी येणारच असते. पाचशे फुटांवरची भेग मात्र नारळाला कळत नाही. विद्युतरोध तपासणीतून खडकाचा अंदाज येतो, पण हमी तीही देत नाही.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेण्यावर 1993 च्या कायद्यानेच बंधन आणले. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे. सहाशे फूट म्हणजे 180 मीटरहून जास्त. प्रत्यक्षात गाडी बोलावण्याआधी हे किती जण विचारतात, हे गावोगावी दिसतेच.

मग करायचे काय?

हिवरे बाजारने बोअरच्या पाण्यावर शेती न करण्याचा आणि ऊस-केळी न घेण्याचा नियम केला. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यानुसार पिके ठरवतात. सुरुवात कोणत्याही गावाला करता येते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीची पातळी मोजावी आणि दर महिन्याला तारखेसह लिहून ठेवावी. शेजारच्या पाच-सहा विहिरींच्या नोंदी एकत्र ठेवल्या की रब्बीला किती पाणी पुरेल, हे पेरणीआधीच कळू लागते. बोअरसाठी कर्ज काढण्यापूर्वी ही वही एकदा उघडून पाहावी.