भूल उतरते, तसं दूधही निवळतं

बाळ तीन महिन्यांचं. रात्रीच्या जेवणानंतर आईच्या उजव्या बरगडीखाली कळ येते आणि पाठीपर्यंत जाते. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात. बाळंतपणानंतर हे नवलाचं नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं आणि साचलेल्या पित्तात खडे धरतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरते. घरात पहिला प्रश्न निघतो तो बाळाच्या दुधाचा. उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: "चोवीस तास पाजू नका, दूध पिळून टाकून द्या."

हा सल्ला आता जुना झाला आहे. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं, की आई पूर्ण शुद्धीवर आली आणि बाळाला नीट धरू शकली की तिने पाजावं. दूध फेकायची गरज नाही.

यामागचं विज्ञान साधं आहे. प्रोपोफॉल हे भुलेचं नेहमीचं औषध. शिरेतून दिलं की काही सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं, मग झपाट्याने स्नायूंत आणि चरबीत पांगतं. रक्तातलं प्रमाण उतरतं, म्हणूनच आई डोळे उघडते. दुधात गेलेलं औषधही तिथे अडकून बसत नाही. रक्तातलं प्रमाण घटलं की ते दुधातून पुन्हा रक्ताकडे वळतं. आईला आलेली जाग हेच इथलं मोजमाप. उरलासुरला अंश बाळाच्या पोटात गेला, तरी त्यातला बराचसा यकृतातच मोडतो.

वेदनाशामकांचाही हिशेब करता येतो. बाळाला दुधातून मिळणारी मात्रा, वजनाच्या प्रमाणात, आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर औषध सहसा चालतं. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन निर्धास्तपणे घेता येतात. सावध राहायचं ते कोडीन आणि ट्रॅमाडॉलपासून. काही स्त्रियांच्या यकृतात ही औषधं फार वेगाने जास्त प्रभावी रूपात बदलतात. त्यामुळे बाळ गुंगून जाऊ शकतं, त्याचा श्वासही मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये स्तनदा मातांना ही दोन्ही औषधं न घेण्याचा इशारा दिला. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आधी विचारायलाच हवं.

न पाजण्याची किंमत मात्र आईला मोजावी लागते. दूध दाटतं, गाठी होतात, स्तनदाह होऊन ताप चढतो. शिवाय साचलेलं दूधच स्तनाला 'आता पुरे' असा निरोप देतं आणि पान्हा आटू लागतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे आयांचं दूध जपून साठवलं जातं. तेच दूध दुसरीकडे विनाकारण मोरीत ओतलं जावं, याचं मनापासून वाईट वाटतं.

तयारी थोडीच लागते. मी अंगावर पाजते, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा आणि शस्त्रक्रियेसाठी सकाळची पहिली वेळ मागा. पोट रिकामं ठेवायचं असलं, तरी साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. आदल्या दिवसांत काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. आत नेण्याआधी बाळाला पोटभर पाजा.

पहिल्या रात्री मात्र बाळाला कुशीत घेऊन झोपू नका; गुंगी पुरती गेलेली नसते. उचलून द्यायला आजी, मावशी, बाबा, कुणीतरी जागं असावं. पाजताना बाळाला मांडीवर आडवं न घेता काखेत धरा: पाय मागे, डोकं तळहातावर, खाली उशी. टाक्यांवर भार येत नाही. आणि काल पीत होतं तेच दूध बाळ आजही पितं.