गोठलेल्या एंजिनाला ऊब

लेह हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हिवाळ्यात तेथील पारा रात्री शून्याखाली १५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरू शकतो. अशा रात्री उघड्यावर उभी राहिलेली मालमोटार सकाळी पुष्कळदा चालू होत नाही. तिच्यातील एखादा भाग मोडलेला असतोच असे नाही. थंडीने तिच्यातील द्रवांचे गुणधर्म पालटलेले असतात.

तापमान उतरले की वंगणाच्या तेलाची श्यानता वाढते. ते काकवीसारखे दाट होते आणि एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. डिझेलमध्ये मेणासारखे पदार्थ विरघळलेले असतात. थंडीत त्यांचे स्फटिक बनून ते गाळणीत अडकतात व एंजिनाला इंधन मिळेनासे होते. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले; ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. बॅटरीतील रासायनिक क्रियाही मंदावते. शून्याखाली १८ अंशांना तिची धारणशक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे एंजिनाला अधिक जोर हवा असतो, नेमकी तेव्हाच बॅटरी दुबळी झालेली असते.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ऊब. अलास्का व कॅनडा येथील वैमानिक १९२० व १९३० च्या दशकांत विमान उतरताच एंजिनातील गरम तेल डब्यात काढून घेत. सकाळी ते शेगडीवर तापवून पुन्हा ओतीत. एंजिनावर जाड कापडाचे आच्छादन टाकून त्याच्याखाली ते शेगडी ठेवीत.

मोटारीच्या दुरुस्तीलाही हेच तत्त्व लागू पडते. बॉनेटवरून जमिनीपर्यंत ताडपत्री सोडली आणि तिच्या कडांवर दगड ठेवले, की आत लहानसा तंबू तयार होतो. उष्ण हवा हलकी असल्यामुळे वर चढते. म्हणून ऊब खालून द्यावी लागते. ताडपत्री स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. वाऱ्याने ती वाहून नेऊ नये, एवढेच तिचे काम. ही ऊब कारागिरालाही तितकीच आवश्यक असते. गोठलेल्या धातूला उघडे बोट चिकटते आणि जाड हातमोजे घालून लहान नट धरता येत नाही.

परंतु या तंबूत दोन संकटे दडलेली असतात. पहिले आगीचे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते. तेव्हा थंडीमुळे पेट्रोल निर्धोक होते, असे मानू नये. दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. जळणाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग वा वास नसतो. परंतु रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे संयोग पावतो. १९३४ साली अंटार्क्टिकावर एकाकी राहिलेले रिचर्ड बर्ड आपल्याच खोलीतील शेगडीच्या धुराने मरणोन्मुख झाले; ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर घेऊन आलेल्या सहकाऱ्यांनी त्यांना वाचविले. १९५८ मध्ये व्हिव्हियन फुक्स यांच्या अंटार्क्टिका-पार मोहिमेतील जेफ्री प्रॅट यांना आपल्या गाडीतच या वायूची बाधा झाली आणि त्यांच्यासाठी विमानातून प्राणवायू धाडावा लागला.

लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. श्वासातून मिळणारा प्राणवायू आधीच कमी, म्हणून तेथे ही बाधा अधिक घातक ठरते.

यासाठी शेगडी ताडपत्रीबाहेर ठेवून तिची केवळ गरम हवा नळीने आत सोडणे श्रेयस्कर. धूर मात्र बाहेरच जावा. चालू एंजिनाचा धूरही तंबूत कोंडू देऊ नये. तेल उतरवून उबदार जागी ठेवावे आणि बॅटरी रात्री घरात आणावी. आतील बॅटरी गोठली असेल, तर ती पूर्ण वितळेपर्यंत तिला विद्युत्प्रवाह देऊ नये. डोके दुखू लागले वा भोवळ आली, तर काम तसेच टाकून प्रथम मोकळ्या हवेत यावे. गाडी तासभर उशिरा निघाली तरी चालते. तिच्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालणे योग्य नव्हे.