इंग्रजी स्पेलिंगचे नियम आणि अपवाद

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाची पहिली तक्रार बहुधा स्पेलिंगची असते. ‘नाइफ’ म्हणजे सुरी, या शब्दाच्या आरंभीं ‘के’ कशाला? ‘डेट’ म्हणजे ऋण, या शब्दाच्या मध्यें ‘बी’ कोठून आला? वडील मंडळी उत्तर देतात, “तें तसेंच आहे, पाठ कर.” या उत्तरानें वेळ भागते, पण इंग्रजी स्पेलिंगला नियमच नाहींत, आणि ज्याचें पाठांतर कच्चें तो मुलगा मंदबुद्धि, असे दोन समज घरांत रुजतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. बहुतेक अपवादांना कारण आहे, आणि तें इंग्रजी भाषेच्या इतिहासांत सांपडतें.

मूळ अडचण अशी कीं, इंग्रजींत ध्वनि सुमारें ४४ आणि अक्षरें अवघीं २६. हीं अक्षरेंहि लॅटिन भाषेच्या सोयीसाठीं बनलेलीं. इंग्रजीनें तीं उसनीं घेतलीं. त्यामुळें एका अक्षराला अनेक ध्वनींचें ओझें वाहावें लागतें.

त्यांत भर पडली ती काळाची. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला आणि छापील स्पेलिंग हळूहळू स्थिर होऊं लागलें. परंतु सुमारें १४०० ते १७०० या काळांत इंग्रजी दीर्घ स्वरांचे उच्चार पार बदलत गेले. उच्चार पुढें गेला, लेखन मागें राहिलें. ‘नाइट’ म्हणजे सरदार योद्धा, या शब्दांतील ‘के’ आणि ‘जी-एच्’ एके काळीं स्पष्ट उच्चारले जात. इंग्रजीची बहीण जी जर्मन, तिच्यांत गुडघा या अर्थाच्या शब्दांतील ‘के’ आजहि उच्चारतात. इंग्रजींत तो केवळ कागदावर उरला आहे.

लेखनिकांनींहि आपला हात दाखविला. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाचें लेखन रूढ झालें. ‘क्वीन’ हा शब्द पूर्वी ‘सी-डब्ल्यू’नें सुरू होई, तेथें ‘क्यू-यू’ आले. ‘सन’ म्हणजे मुलगा आणि ‘लव्ह’ यांत उच्चार ‘अ’चा, पण अक्षर ‘ओ’ कां? जुन्या हस्तलेखनांत ‘यू’, ‘एन्’, ‘एम्’ हीं अक्षरें म्हणजे उभ्या आंखूड रेघाच. तीं शेजारीं आलीं कीं एक कोठें संपलें व दुसरें कोठें सुरू झालें तें कळत नसे. ‘व्ही’ तर तेव्हां ‘यू’सारखाच लिहीत. म्हणून ‘यू’च्या जागीं ‘ओ’ लिहिण्याचा प्रघात पडला.

पुढें पंडितांची पाळी आली. ऋण या अर्थाचा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हां त्यांत ‘बी’ नव्हता. लॅटिन ‘डेबिटम्’शीं त्याचें नातें दिसावें म्हणून तो मागाहून घालण्यांत आला. ‘आयलंड’ म्हणजे बेट, यांतील ‘एस्’ही असाच. मात्र तेथें पंडितांची फसगत झाली; कारण तो शब्द अस्सल इंग्रजी, लॅटिनशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

इतकें असूनहि नियम आहेत. ‘हॅट’ या शब्दाच्या शेवटीं ‘ई’ लावला कीं ‘हेट’ होतो. हा मुका ‘ई’ मागच्या स्वराला दीर्घ करतो. मग ‘हॅव्ह’ आणि ‘गिव्ह’ यांत स्वर ऱ्हस्व कां? ‘यू’ व ‘व्ही’ हें पूर्वी एकच अक्षर होतें. तें येथें व्यंजन आहे हें कळावें म्हणून शेवटीं ‘ई’ जोडीत. तसेंच ‘हॉप’ म्हणजे उडी मारणें, याच्या ‘हॉपिंग’मध्यें दोन ‘पी’, आणि ‘होप’ म्हणजे आशा करणें, याच्या ‘होपिंग’मध्यें एक. दुहेरी व्यंजन मागच्या ऱ्हस्व स्वराचें रक्षण करतें. शब्द दोन अवयवांचा असेल तर आघात पाहावा: ‘बिगिन’चा आघात शेवटीं, म्हणून ‘बिगिनिंग’मध्यें मधला ‘एन्’ दुहेरी, ‘व्हिजिट’चा आघात आरंभीं, म्हणून ‘व्हिजिटिंग’मध्यें ‘टी’ एकच. ‘ट्रॅव्हलिंग’मध्यें मात्र इंग्रज दोन ‘एल्’ लिहितो आणि अमेरिकन एक. नियम येथें अमेरिकनानें पाळला आहे.

‘आय्’ आधीं, ‘ई’ नंतर, पण ‘सी’पुढें उलट, हा नियम शाळेंत सर्वांना येतो. ‘बिलीव्ह’ आणि ‘रिसीव्ह’ हीं त्याचीं उदाहरणें. त्याची अट मात्र विसरली जाते: उच्चार दीर्घ ‘ई’ असेल तरच तो लागू. ही अट घातली कीं ‘नेबर’, ‘हाइट’, ‘फॉरिन’, ‘सायन्स’ हे मानीव अपवाद गळून पडतात. ‘सीझ’ आणि ‘स्पीशीज’ यांसारखे थोडेच उरतात. ते मात्र पाठच करावे लागतात.

हा गुंता सोडविण्याचे प्रयत्न झाले. नोआ वेब्स्टर याच्या १८२८ च्या कोशामुळें ‘कलर’मधील ‘यू’ अमेरिकेंत गेला. १९०६ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ३०० शब्दांचीं सुलभ रूपें सरकारी छपाईंत आणूं पाहिलीं. काँग्रेसनें विरोध केला आणि हुकूम मागें घ्यावा लागला. उच्चाराप्रमाणें लिहावें म्हटलें तर उच्चार लंडनचा, एडिंबरोचा कीं न्यूयॉर्कचा, हा प्रश्न उरतोच. शिवाय ‘साइन’मधील मुका ‘जी’ काढला तर ‘सिग्नल’शीं असलेलें त्याचें नातें डोळ्यांना दिसणार नाहीं.

मराठी माणसानें इंग्रजीला हंसण्यापूर्वी आपल्याकडेहि पाहावें. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’ एकाच अक्षराचे, पण उच्चार दोन. ‘भाषा’ हा शब्द बहुतेक मंडळी ‘श’नें उच्चारतात आणि ‘ष’नें लिहितात, कारण संस्कृताचें नातें राखावयाचें आहे. तेव्हां मुलानें ‘के’ कां म्हणून विचारलें, तर तें त्याच्या बुद्धीचेंच लक्षण समजावें. नियम त्याच्या अटीसह सांगावा, अपवादाचें कारण सांगावें, आणि उरलेले शब्द निमूटपणें घोकून घ्यावेत. असें केल्यास घोकण्याचें ओझें पुष्कळ कमी होईल, आणि मुलाला छडीचें व हेटाळणीचें भय उरणार नाहीं.