खंजिरीची थाप आणि सांबाचा ठेका

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की रहाटगावनंतर नांदगाव पेठ येतं आणि तोच रस्ता पुढे गुरुकुंज मोझरीला जातो. शाळेच्या परीक्षा आटोपल्या की या पट्ट्यात आणि साऱ्या विदर्भात श्री गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं भरतात. पहाटे ध्यान, मग व्यायाम, बौद्धिक, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि भजन. भजन म्हटलं की खंजिरी आलीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे वीतभर वाद्य असं काही वाजवलं की वऱ्हाडात त्यांचं चित्र खंजिरीशिवाय पूर्ण होत नाही.

तिकडे ब्राझीलमध्ये खंजिरीचंच भावंड शोभेल असं एक वाद्य आहे, पांडेइरो. तसंच लाकडी कडं, एका बाजूने मढवलेलं कातडं, कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या. सांबा संगीताची ती ओळखच. युरोपातल्या शहरांत उन्हाळी संगीतवर्गांमध्ये आज सांबाचा ताफा हा आवडीचा विषय आहे. कधी वाद्याला हात न लावलेली माणसं थोड्या दिवसांत पन्नास जणांच्या ताफ्यात ठेका धरू लागतात. आमच्या शिबिरातली मुलंही तेच करतात. संगीताचा गंध नसलेली पोरं एवढ्या लवकर एका लयीत कशी येतात, या प्रश्नाला आता विज्ञानाकडे बरीच चांगली उत्तरं आहेत, आणि ती उत्तरं खंजिरी हातात घेऊन समजून घेण्यासारखी आहेत.

आधी वाद्य पाहू. कातड्याच्या मधोमध बोटांची थाप मारली की ‘धुम्’ असा भरीव आवाज येतो, कडेला मारली की टणक. याचं कारण पडद्याच्या थरथरण्यात आहे. तार थरथरते तेव्हा तिचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे नेमके येतात, म्हणून ती सुरेल वाटते. गोल पडद्याचं गणित वेगळं आहे. त्याचे वरचे स्वर मूळ कंपनसंख्येच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे अडनिड्या ठिकाणी पडतात. मधोमध थाप मारली तर पडदा सगळा एकदम खालीवर होतो आणि मूळ स्वर ठळक येतो. कडेला मारली तर हे अडनिडे स्वर उफाळून येतात. कान त्यांना एक सूर म्हणून बांधू शकत नाही, तो ‘आघात’ म्हणून ऐकतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या कामासाठी, पण त्याआधी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी ‘नेचर’मध्ये आपल्या मृदंग-तबल्यावर लिहिलं होतं आणि पुढे १९३४ साली त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. तबल्याची शाई पडद्याचं वजन मध्यभागी वाढवते आणि त्या अडनिड्या स्वरांना ओढून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागी आणून बसवते, हे त्यांनी दाखवलं. ज्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी हे हाताने साधलं, त्यांच्याबद्दल रामन यांनी आदराने लिहिलं आहे. खंजिरीला शाई नाही. म्हणून ती सुरात बोलत नाही, लयीत बोलते, आणि भजनात तिचं कामही तेवढंच आहे.

एका वाद्यात सूर नसला तरी अनेक वाद्यांत तो बसवता येतो. अकोला जिल्ह्यातले सप्तखंजिरीवादक सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकत्र वाजवतात, तेव्हा वेगवेगळ्या उंचीचे आवाज उठतात. कातडं तेच ठेवलं तर त्यासाठी वादकाच्या हातात दोन गोष्टी असतात, व्यास आणि ताण. तोच ताण ठेवून व्यास निम्मा केला तर कंपनसंख्या दुप्पट होते. तोच व्यास ठेवून ताण चौपट केला तरी दुप्पटच. अंगठ्याने कातडं दाबलं की क्षणभर ताण वाढतो आणि आवाज वर सरकतो. पांडेइरो वाजवणारा धरलेल्या हाताचं बोट किंवा अंगठा कातड्याला लावून-काढून हेच करतो.

हवेचाही यात हात असतो. कातडं दमट हवेत ओल शोषून सैल पडतं, कोरड्या हवेत आवळतं. मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा कातड्याची खंजिरी आपोआप चढते, आणि श्रावणात तीच बसते. दक्षिणेतले कंजिरावादक कातड्याला आतून पाण्याचा हात लावून आवाज उतरवतात. आपल्याकडे डफ शेकोटीवर शेकतात आणि रिओच्या जुन्या सांबामंडळांत वर्तमानपत्रं पेटवून वाद्यं शेकत. प्लास्टिकच्या पडद्याला ही कटकट नाही, म्हणून तो दोन्हीकडे रुळला आहे. मला मात्र कातड्याचाच आवाज प्रिय आहे.

खंजिरीचा भरीव आवाज जवळ बसलेल्याला ऐकू येतो, मांडवाच्या टोकाला फक्त कड्यातल्या झांजांची छमछम पोचते. कारण ती मागून उघडी असते. कातडं पुढे आलं की समोरच्या हवेचा दाब वाढतो, त्याच क्षणी मागचा कमी होतो. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असल्यामुळे कडेवरून वळून हे दोन्ही दाब एकमेकांना खोडून टाकतात. सांबावाल्यांना मिरवणुकीसाठी खोल आवाज हवा होता. १९२८ साली रिओच्या एस्तासिओ वस्तीत ‘देइशा फालार’ हे मंडळ निघालं, आणि त्यातल्या बिदी या वादकाने लोण्याच्या मोठ्या डब्याला कातडं मढवून सुर्दो नावाचा ढोल केला असं सांगतात. बंद आणि मोठ्या पिंपामुळे त्याचा खालचा स्वर खोडला जात नाही. आमच्या भजनात ही जागा ढोलक आणि तबल्याचा डग्गा सांभाळतात.

खोल आवाजावरच सगळ्यांची लय का टांगलेली असते, यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात प्रयोग झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन स्वर एकदम वाजवायचे, एक खालचा, एक वरचा. मधूनच त्यातला एक थोडासा आधी आणायचा. खालचा स्वर आधी आला तर मेंदूच्या विद्युतलहरींत खळबळ मोठी दिसली, वरचा आला तर कमी. बोटांनी ठेका धरायला लावलं तेव्हा बोटंही खालच्या स्वराच्या मागे जास्त गेली. वेळेचा हिशेब आपला कान खालच्या स्वरावर ठेवतो. वऱ्हाडातल्या माणसाला सांबा शिकताना इथेच अडतं. आपली सम पहिल्या मात्रेवर, जोर तिथे. सांबात दोन ठोक्यांचं आवर्तन आणि सगळ्यांत खोल सुर्दो पडतो तो दुसऱ्या ठोक्यावर. कान त्यालाच सम समजून बसतो आणि हात उलटे पडतात.

आता शिकण्याकडे येऊ. नांदगाव पेठेत एका देवळाच्या सभामंडपात मी हा वर्ग पाहिला आहे. दहा-बारा वर्षांची मुलं मांडी घालून बसलेली, प्रत्येकाची नजर स्वतःच्या बोटांवर. भजन मंडळातले एक काका खंजिरी खाली ठेवायला लावतात. ‘‘पोट्टेहो, हाताकडे नका पाहू. आंधी तोंडानं म्हना.’’ मग कहरवा: धा गे ना ती, न क धि न. टाळी पहिलीवर, पाचवी खाली. दहा वेळा, वीस वेळा. खंजिरी नंतर हातात येते, आणि तेव्हा दुसरीच अडचण उभी राहते. थाप बरोबर पडते, पण झांजा थापेनंतरही छमछमत राहतात. धरलेला हात सैल असतो. काका एकेकाचं मनगट धरून दाखवतात: कडं उभं धरलं तर चकत्या मोकळ्या वाजतात, थोडं आडवं केलं की आपल्या वजनाने मिटतात. शिकण्याचं निम्मं काम न मारणाऱ्या हाताचं आहे, हे मुलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी उमटतं. पांडेइरोवाल्यांचं तर सगळं कसब त्याच हाताच्या मनगटात असतं. मारणारा हात अंगठा, बोटांची टोकं, तळवा असा जवळजवळ जागीच फिरतो.

तोंडाने म्हणण्याला मेंदूत भक्कम आधार आहे. रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रिअलमध्ये २००८ साली दाखवलं की लय नुसती ऐकताना, हात हलवायचा विचारही नसताना, मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. म्हणजे बोल म्हणणारं मूल हाताचाच सराव करत असतं. सांबावालेही वाद्य देण्याआधी तोंडाने वाजवायला लावतात. तांबोरिम या चिमुकल्या वाद्याचा ठेका ‘तेलेको-तेको’ अशा बोलांनीच ओळखला जातो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जर्मनीतल्या लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियान किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल दिला. एकदा समोर माणूस बसून वाजवत होता, एकदा यंत्र वाजवत होतं, एकदा नुसता स्पीकरचा आवाज. मुलांची लय सगळ्यांत चांगली जुळली ती समोर माणूस असताना. २००९ सालचं हे संशोधन मोबाइलवर व्हिडिओ लावून पोरांना वाद्य शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक आईबाबांनी लक्षात ठेवावं असं आहे. पुढच्या वर्षी त्याच दोघांनी आणखी एक पाहिलं: चार वर्षांची मुलं आधी मिळून गायली-वाजवली असली तर नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली.

घोळका जमला की घाईही जमते. भजनाची लय चढत जाते हे आपण रोज ऐकतो आणि त्याचं श्रेय रंगाला देतो. जपानी संशोधकांनी २०१७ साली एकट्याला आणि जोडीला बोटांनी ठेका धरायला लावलं. जोडीची लय एकट्यापेक्षा जास्त वेगाने चढली. प्रत्येक जण दुसऱ्याच्या किंचित आधी आलेल्या ठोक्याला धरून स्वतःला दुरुस्त करतो आणि दोघंही पुढे सरकतात. त्यात आवाजाला वेळ लागतो तो वेगळाच. हवेत तो सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. रिओत सांबाची मिरवणूक निघते त्या सांबादोमचा रस्ता सुमारे ७०० मीटर, म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला दोन सेकंदांनी पोचणार. ताफ्यात अडीचशे-तीनशे वादक असतात; त्यांनी नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर ताफा फुटेल. म्हणून त्यांचा मेस्त्रे, म्हणजे ताफ्याचा म्होरक्या, शिट्टी वाजवतो आणि हात उंच करून खुणा करतो. खंजिरी नेहमी छातीच्या उंचीवर, सगळ्यांना दिसेल अशी का धरतात, याचं उत्तर मला यात दिसतं. प्रकाशाला उशीर होत नाही.

सांबातल्या लयीत एक बारीक गोष्ट आहे. लुईस नावेदा आणि फाबियाँ गुयों यांनी ध्वनिमुद्रणं संगणकावर तपासली. एका ठोक्याचे चार भाग कागदावर सारखे लिहिलेले असतात, पण वाजवताना तिसरा आणि चौथा भाग ठरल्या जागेच्या किंचित आधी पडतो. सेकंदाच्या एखाद-दुसऱ्या शतांशाची ही गोष्ट. ही ओढ वहीत लिहून शिकवता येत नाही. जाणत्यांच्या शेजारी बसून ती अंगात उतरते.

एकत्र हालचालीने माणसं जवळ येतात, हेही मोजलं गेलं आहे, आणि तेही ब्राझीलमध्येच. ब्रॉन्विन टार, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २६४ शाळकरी मुलामुलींना गटागटाने नाचायला लावलं. काही एकाच वेळी सारख्याच हालचाली करत, काही वेगवेगळ्या. आधी आणि नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून, कुठवर सहन होतं ते पाहिलं. एकसारखं नाचलेल्यांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढली आणि गटाबद्दलचा जिव्हाळाही. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिनं यामागे असावीत, असं त्यांचं म्हणणं. सत्तेला याची भीती वाटते ती उगीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओचे पोलीस पांडेइरो बाळगणाऱ्याला उडाणटप्पू ठरवून पकडत. जोआँव दा बायाना यांचा पांडेइरो पोलिसांनी हिसकावला, तेव्हा सिनेटर पिन्येइरो मशादो यांनी स्वतःचं नाव कोरलेला नवा दिला, असं सांगतात. इकडे १९४२ साली तुकडोजी महाराजांच्या भजनांनी चिमूर-आष्टीचा परिसर पेटला, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

खंजिरी ऐकायला आपण खूप आहोत. आता ती मोजायलाही घ्यावी. अमरावती विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणारी मुलं याच भजनांत वाढलेली आहेत आणि लागणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनवर आवाजाचा वर्णपट दाखवणारी ॲप फुकट मिळतात. खंजिरीच्या मधोमध, मग कडेला, मग अंगठा दाबून थाप मारा. पहिल्या दोन शिखरांचं गुणोत्तर १.५९च्या जवळ येतं का पाहा, कातडं कोरडं असताना आणि ओलं केल्यावर. भजनाची पहिली आणि शेवटची मिनिटं ध्वनिमुद्रित करून लय किती चढली ते काढा. आणि कहरव्याच्या आठ मात्रांतली कुठली मात्रा आमचे जुने खंजिरीवाले आधी आणतात, कुठली मागे ओढतात, ते सांबाच्या मापाने तपासा. येत्या मे महिन्यातल्या शिबिरांत यासाठी दुपारचा एक तास ठेवावा, एवढी विनंती शिबिर घेणाऱ्यांना मी या लेखातून करतो आहे. उन्हामुळे पोरं तेव्हा सावलीतच बसलेली असतात आणि खंजिऱ्याही चढलेल्या असतात.